युरोपच्या वाटांवरील मराठी पावले

मराठी माणसाचा इतिहास पावलांनी मोजावा असा आहे. पंढरीची वारी ही तर पावलांचीच उपासना. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर १७४१ साली छत्तीसगडात उतरले, तेव्हा त्यांच्या फौजेतील पायदळाच्या शिपायाने ही भूमी आपल्या पावलांनीच ओळखली. जुनवानी-भिलाईच्या परिसरात नांदणारे आपण बहुतेक जण मात्र पोलाद कारखान्याच्या निमित्ताने, आगगाडीने येथे आलेल्यांचे वंशज. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या मंडळाचा पाया घातला गेला तोही अशाच प्रवासी माणसांच्या हातून. म्हणूनच या सुवर्णमहोत्सवी अंकात एका फार लांबच्या आणि जवळजवळ विसरलेल्या मराठी पायपिटीचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटले.

युरोपच्या प्रवासाची मराठीत वाण नाही. पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ सालचा. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ आणि पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ तर घरोघरी पोहोचली. अलीकडे आपल्या मंडळातील सभासदही मुलानातवंडांकडे जाऊन येतात आणि फ्लॉरेन्स-रोमची छायाचित्रे कौतुकाने दाखवितात. परंतु बोटीने, आगगाडीने वा विमानाने गेलेल्या या साऱ्यांपेक्षा युरोपची खेडी आणि नगरे अधिक जवळून, पायी पाहिलेले मराठी लोक वेगळेच होते. त्यांनी प्रवासवर्णन लिहिले नाही. ते मराठा पलटणींचे शिपाई होते.

सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन इटलीच्या दक्षिण टोकाजवळ तारांतो बंदरात उतरली. तिच्यात पहिली मराठा पलटण होती. पुढे दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर तिसरी मराठा पलटणही आली. इटलीचा नकाशा पाहिला म्हणजे ही वाटचाल किती बिकट होती ते ध्यानात येते. देशाच्या मधोमध अपेनाइन पर्वताचा कणा आणि त्यातून निघून समुद्राकडे धावणाऱ्या नद्या वाटेत आडव्या. माघार घेणाऱ्या जर्मन सेनेने पूल उडविलेले, बांध सुरुंगांनी पेरलेले. मोटारी थांबत तेथे खेचरे जात, आणि खेचरेही थकत तेथे शिपायाचे पाय चालत. त्रिन्यो, सांग्रो, मोरो अशा एकेक नदीसाठी लढावे लागले. डोंगरमाथ्यावरची दगडी गावे, उतारावरचे द्राक्षांचे व ऑलिव्हचे मळे आणि हिवाळ्यातला घोट्यापर्यंतचा चिखल हा सारा मुलूख या सह्याद्रीच्या लेकरांनी पाठीवर ओझे घेऊन तुडविला.

या वाटेवर एक विलक्षण प्रसंग घडला. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस माँतेगुफोनी नावाचा जुना वाडा आहे. बॉम्बवर्षावापासून वाचावीत म्हणून उफ्फीत्सी संग्रहालयातील अनमोल चित्रे तेथे हलविलेली होती. त्यांत बोत्तिचेल्लीचे ‘वसंत’ हे जगप्रसिद्ध चित्रही होते. संग्रहालयाचे ग्रंथपाल चेझारे फाझोला हे जुलै १९४४ मध्ये जर्मन फौजांच्या मधून वाट काढीत, फ्लॉरेन्सहून पायी तेथे पोहोचले आणि चित्रांजवळ ठाण मांडून बसले. महिनाअखेर मराठा पलटण तेथे आली आणि त्या चित्रांवर पहारा बसला. स्कॉटिश लेखक एरिक लिंक्लेटर यांनी ते दृश्य पाहिले आणि लिहून ठेवले. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या मनात त्या वेळी काय आले असेल, ते मात्र कोणी लिहिले नाही. आज उफ्फीत्सीत त्या चित्रापुढे उभे राहणाऱ्या मराठी प्रवाशाने एवढे तरी स्मरावे, की एके काळी आपलीच माणसे त्याची राखण करीत होती.

त्याच महिन्यात, १० जुलै १९४४ रोजी, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा बावीस वर्षांचा तरुण. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील सारे सोबती ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले, हातबॉम्बने मशीनगन निकामी केली, एकास गोळीने टिपले, आणि काडतुसे भरण्यास अवसर नाही असे पाहून हातातील बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना लोळविले. मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे.

९ एप्रिल १९४५ रोजी सेन्यो नदीवर संगमनेरजवळच्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून सुखरूप आणले. नंतर परत जाऊन त्यांनी तीन मशीनगनची ठाणी गप्प केली. हात जायबंदी झालेला असतानाही ते बांधावर चढले आणि मराठ्यांची रणगर्जना करीत त्यांनी सोबत्यांना पुढे बोलाविले. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. १९८४ साली ते निवर्तले.

मग ही माणसे आपल्या स्मरणातून का निसटली? कारण उघड आहे. देश ‘चले जाव’च्या लढ्यात होता आणि यांच्या अंगावर परक्या सत्तेचा गणवेश होता. स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या इतिहासाला त्यांच्याविषयी काय बोलावे हे उमजेना, आणि इंग्रजांच्या ग्रंथांत त्यांचे स्थान बहुधा आकड्यांपुरते. इटलीत ५,७८२ भारतीय सैनिकांनी देह ठेवला. राज्यकर्ता परका होता हे खरे. परंतु चाललेली पावले, सोसलेली थंडी आणि सांडलेले रक्त तर आपलेच होते! पराधीन देशाच्या या मुलांनी दुसऱ्या एका देशास जुलमातून मुक्त करण्यास हातभार लावला, ही इतिहासाची विसंगती आहे. ती झाकून ठेवण्यात आम्हांस काही भूषण दिसत नाही.

इटलीच्या लोकांनी ती झाकली नाही. पेरुजा प्रांतातील माँतोने या छोट्या गावी जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघटिकेच्या रूपातले स्मारक उभे राहिले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरील लॅटिन बोधवाक्याचा आशय आहे. 

मंडळाच्या सभासदांना आमची एवढीच विनंती आहे. युरोपला जाल तेव्हा प्रवासातील एक दिवस माँतोनेसाठी वा कासिनोसाठी राखून ठेवा आणि त्या गावच्या वाटेवर थोडे तरी पायी चाला. घरात कोणा आजोबा-पणजोबांचे लष्करातील पत्र, पदक वा छायाचित्र पेटीच्या तळाशी असेल, तर ते बाहेर काढा, त्यामागील नाव-गाव लिहून ठेवा. त्यांनी न लिहिलेल्या प्रवासवर्णनाची तीच पाने आहेत, आणि ती जपणे हे आपल्या मंडळासारख्या संस्थेचेच काम आहे.