बावीस श्रुतींची पेटी

गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यात नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, तर दूरदूरच्या गावांचे पुढारी जत्रेची सुपारी देण्यास तेथे येतात. त्या कलेचा न्याय हजारोंचा जमाव करतो, आणि बहुधा चोख करतो. परंतु ज्या संगीताचे श्रोते एका दालनात मावतात आणि जे ऐकविण्यापेक्षा पारखून घेण्यासाठीच मांडलेले असते, त्याचा न्याय कोणी करावयाचा? महाराष्ट्रातील एका प्रयोगाने हा प्रश्न पूर्वीच उपस्थित केला आहे.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. भरताने सांगितलेल्या बावीस श्रुती ही केवळ पोथीतील संख्या नसून गवयाच्या गळ्यात त्या आजही नांदतात, हे त्यांस गणिताने सिद्ध करावयाचे होते. अब्दुल करीमखाँसाहेबांनी गावे आणि देवलांनी तो स्वर ताणलेल्या तारेवर पकडून तारेची लांबी मोजावी, असा हा उद्योग. त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. पुढे क्लेमंट्स नावाचे सनदी न्यायाधीश त्यांस मिळाले, आणि श्रुतींची पेटी तयार झाली.

पेटीचा हा अट्टाहास कशासाठी, हे संगीताशी परिचय नसलेल्या वाचकासही समजण्याजोगे आहे. षड्जाची कंपने सेकंदास २४० धरली, तर तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ३०० चा येतो; बाजारी पेटीचा गंधार ३०२ च्याही किंचित वर जातो. फरक दोन-अडीच कंपनांचाच. पण षड्जाबरोबर तो धरला की स्वर थरथरू लागतो, आणि तयार कानास ती थरथर खड्यासारखी लागते.

१९१६ च्या मार्चमध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे सूत्रधार पंडित भातखंडे; श्रुतींना आकड्यांत जखडणे त्यांस मान्य नव्हते. उदेपूरचे ध्रुपदिये झाकिरुद्दीनखाँ यांच्या गळ्याशी पेटी ताडून पाहण्यात आली, आणि जमलेल्या मोजक्या जाणत्यांनी तिच्याविरुद्ध कौल दिला. देवलांच्या अनेक वर्षांच्या खटपटीचा निकाल त्या बैठकीत लागला.

हा निकाल मला अर्धाच पटतो. पेटी हरली, हे खरे. पण ती ज्या गळ्यावरून मापली तोही खाँसाहेबांचाच, आणि ज्या गळ्यापुढे हरली तोही खाँसाहेबांचाच. दोघांपैकी एक बेसूर होता असे म्हणण्याची छाती कोणाची आहे? गळा एक स्वर दर वेळी एकाच जागी लावत नाही, ही शंका तेथे कोणी लावून धरली असती, तर वादाला निराळे वळण लागले असते. १९६३ साली जैराजभॉय व स्टोन यांनी यंत्राने मापे घेतली, तेव्हा एकाच स्वराची जागा गायका-वादकागणिक बदलते, असे आढळले. म्हणजे देवलांचे आकडेही निश्चित ठरले नाहीत आणि त्यांच्या प्रतिपक्षाचा आत्मविश्वासही.

बाजारी पेटीविषयीची त्यांची तक्रार मात्र टिकली. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती अंशतः उठावयास १९७१ साल उजाडले. आणि मूळ खटपटही सर्वस्वी थांबली नाही. डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या काळात पुन्हा बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. तीत रागाप्रमाणे हवी ती श्रुती वाजविणाऱ्याने आधी निवडून घ्यावयाची असते.