कॅनडात शिक्षण पूर्ण, पण स्टडी परमिट संपलं : वर्क परमिटसाठी किती दिवस हातात?

मुलगा किंवा मुलगी कॅनडात शिकते अशा घरांतून आम्हाला हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कोर्स पास झाला, पण स्टडी परमिटची तारीख उलटून गेली, आता पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट मिळेल का? मिळू शकतं. मात्र हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं, त्यामुळे इथे दिवस मोजूनच पावलं टाकावी लागतात.

गोंधळ होतो तो 180 दिवसांवरून. कॉलेजकडून कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र किंवा अंतिम निकाल मिळाला की तिथून 180 दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि या काळात कधीतरी स्टडी परमिट चालू असलेलं लागतं. पण ही मुदत फक्त अर्जाची आहे, कॅनडात राहण्याची नाही. "अजून सहा महिने आहेत, काळजी नको" असं इथला एजंट सांगतो तेव्हा तो अर्धीच गोष्ट सांगत असतो.

राहण्याचा हिशोब वेगळा. परमिटवर छापलेली तारीख किंवा कोर्स संपल्यावरचे 90 दिवस, यातलं जे आधी येईल तेव्हा स्टडी परमिट संपतं. कागदावर पुढच्या वर्षाची तारीख असली तरी हे लागू आहे, आणि बरीच मुलं इथेच फसतात.

एक उदाहरण घेऊ. पत्र मिळालं 10 मे रोजी, परमिटची तारीख 15 जून. मुलाने 15 जूनपर्यंत वर्क परमिटचा अर्ज केला तर निर्णय येईपर्यंत तो कायदेशीर राहतो, आणि शिकत असताना त्याला कॉलेजबाहेर काम करायची परवानगी असेल तर पूर्णवेळ कामही करू शकतो. तारीख चुकली, तर स्टेटस परत मिळवण्यासाठी, म्हणजे रिस्टोरेशनसाठी, 90 दिवस मिळतात : 13 सप्टेंबरपर्यंत. तेव्हा वर्क परमिटच्या फीसोबत रिस्टोरेशनची वेगळी फी भरावी लागते. वर्क परमिटचे 155 आणि ओपन वर्क परमिटचे 100 असे 255 कॅनेडियन डॉलर होतात. रिस्टोरेशनची फी बदलत असते, ती सरकारी वेबसाइटवर त्याच दिवशी बघून भरावी. सोबत उशीर का झाला याचं खरं कारण सांगणारं पत्र जोडावं. मंजुरी द्यायची की नाही हे अधिकारी ठरवतो.

13 सप्टेंबरही गेला, तर देशात राहून रिस्टोरेशन मागता येत नाही. पण 180 दिवस 6 नोव्हेंबरला संपतात, म्हणून मुलगा भारतात परत येऊन तोपर्यंत इथूनही अर्ज करू शकतो. परत यावं लागलं म्हणून लोक काय म्हणतील याचा विचार करत बसू नये, तिकिटाचा खर्च परमिट गमावण्यापेक्षा कमीच.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. स्टेटस गेल्यावर काम करायचं नाही, अगदी एका शिफ्टचंही नाही. रिस्टोरेशनचा अर्ज केला म्हणजे कामाची परवानगी मिळाली असं होत नाही. रोखीने केलेलं कामही अर्ज फेटाळायला पुरेसं ठरू शकतं. घरी कर्जाचा हप्ता असतो, मुलावर दबाव येतो, हे आम्हाला माहीत आहे. पण हे महिने घरच्यांनीच सांभाळून घ्यायला हवेत. "पैसे कधी पाठवतोस?" हा फोन तेवढा थांबवावा.

कागदांत ट्रान्सक्रिप्ट आणि कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र लागतं. 1 नोव्हेंबर 2024 पासून भाषेच्या परीक्षेचा निकालही द्यावा लागतो आणि तो दोन वर्षांपेक्षा जुना चालत नाही. परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या सेमिस्टरमध्येच ती देऊन टाकावी. पासपोर्टही आधी रिन्यू करावा, कारण वर्क परमिट पासपोर्टच्या तारखेपलीकडे दिलं जात नाही.

पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस कॅनडाचा वकील आहे किंवा तिथल्या 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'च्या यादीत आहे का, ते ऑनलाइन तपासता येतं. पैसे देण्याआधी त्याचा लायसन्स नंबर मागून घ्या.