शनिवारवाड्याचे पाणी

पुण्याचा शनिवारवाडा पाहावयास जाणारा मनुष्य दिल्ली दरवाज्याशी क्षणभर दिपून जातो आणि आत पाऊल टाकताच हिरमुसतो. बाहेर भक्कम तट, नऊ बुरूज, खिळे ठोकलेली अजस्र दारे, वर लाकडी नगारखाना; आणि आत काय? हिरवळ, फुलझाडांचे वाफे व त्यांच्या मधून डोकावणारे दगडी चौथरे. अठराव्या शतकात जेथून निम्म्या हिंदुस्थानच्या राजकारणाची सूत्रे हलत, ते स्थळ आज भर शहरातील एक बगीचा होऊन राहिले आहे. परंतु हा बगीचा पेशव्यांचा नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. ज्या हिरवळीवर आज मुले बागडतात, तेथे एके काळी दिवाणखाने, कोठ्या, देवघरे आणि मुदपाकखाने होते. आपण चालतो ते बागेतून नव्हे, नाहीशा झालेल्या घरातून.

आम्ही नव्या मुंबईत अध्यापन करतो. त्या शहराची आखणी करणारे सिडको महामंडळ स्थापन झाले १९७० साली. तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांच्या गावात पडका वाडा म्हणून दाखवावा असे फारसे काही नाही. अशा विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन आम्ही येथे आलो असता एकाने विचारले, ‘‘सर, वाडा कुठे आहे?’’ प्रश्न भाबडा खरा. पण त्याचा विचार करू लागले म्हणजे इतिहास कसा पाहावा, याच मुद्द्यापाशी येऊन थांबावे लागते.

पहिल्या बाजीरावांनी वाड्याचा पाया घातला तो १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी. वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ रोजी. आरंभीच्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगतात. पुढे प्रत्येक पिढीने त्यात भर घातली. नानासाहेबांच्या कारकिर्दीत गणपती रंगमहाल उभा राहिला. तळचे जोते दगडाचे, वरचे काम मात्र विटांचे आणि सागवानाचे. सुरूच्या झाडासारखे खाली भरीव व वर निमुळते होत जाणारे कोरीव खांब, दोन खांबांमधून झुलणाऱ्या महिरपी, आणि अशा खांबांच्या ओळींनी वेढलेले चौक, हे त्या वास्तूचे खरे सौंदर्य होते. त्या सौंदर्यातच तिचा नाशही लपलेला होता. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली ती सात दिवस धुमसत राहिली असे म्हणतात. लाकूड होते ते गेले, दगड होता तो राहिला. पुढे १९१९ साली ही जागा संरक्षित स्मारक ठरली आणि उत्खननाने जुनी जोती उघडी पडली.

मग ते खांब आता पाहावयाचे कोठे? एक जागा दूर विलायतेत आहे. १७९० साली टिपूविरुद्ध जो तह झाला, त्या प्रसंगीचा दरबार जेम्स वेल्स या चित्रकाराने चित्रविषय म्हणून घेतला. तो १७९५ साली वारल्यावर टॉमस डॅनियलने ते काम हाती घेऊन १८०५ साली पुरे केले. मध्ये पेशवे सवाई माधवराव व इंग्रजांचा वकील मॅलेट, आणि भोवती महिरपींची ती शोभा! दुसरी जागा अगदी जवळ आहे. दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा १८०७ साली पुरा झाला. त्याच्या दर्शनी सज्जाचे सुरूचे खांब रस्त्यावरून जाणाऱ्यास आजही दिसतात. राज्य गेल्यावर १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा निघाली. ज्या वास्तूला नवे काम मिळाले ती टिकली, हा केवळ योगायोग म्हणता येईल काय?

शनिवारवाड्याच्या नावाबरोबर लोकांच्या तोंडी येतो तो नारायणरावांचा खून. ३० ऑगस्ट १७७३ ची ती घटना आणि तिच्यामागून आलेली भुताखेतांची कहाणी यांनी बाकीचा सारा इतिहास जणू झाकून टाकला आहे. अपमृत्यूची स्मृती लवकर पुसत नाही, हे आम्हांस मान्य आहे. हजारी कारंजे ज्या सवाई माधवरावांसाठी बांधले गेले, ते याच नारायणरावांच्या मृत्यूनंतर १७७४ साली जन्मले; आणि १७९५ च्या ऑक्टोबरात याच वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालच्या एका कारंज्यावर पडून, दोन दिवसांनी निवर्तले. एवढे शोककारक योग एका घरात जुळून आल्यावर लोकांनी रात्री हाका ऐकल्या तर नवल नाही. परंतु हाकांकडे कान लावून बसल्यामुळे आपले डोळे मिटले गेले, त्याचे काय?

सोळा पाकळ्यांच्या कमळाचे ते हजारी कारंजे पाहा. तोट्या हजार नव्हत्या. ‘हजारी’ हा शब्द कौतुकाचा आहे. विचारावयाचा प्रश्न हा की, यंत्र नसताना पाणी उसळे कसे? फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायच्या कारंज्यांसाठी सेन नदीवर चौदा प्रचंड चाके बसवून १६८४ साली पाणी टेकडीवर चढवले. पुण्यात त्याच्या उलट रीत झाली. नानासाहेबांच्या काळी कात्रजच्या डोंगरात पाणी अडवून, सुमारे आठ किलोमीटर लांबीचा, माणूस आत शिरू शकेल एवढा बांधीव नळ जमिनीखालून वाड्यापर्यंत आणला. चढावरून उतारावर येणाऱ्या पाण्याच्या अंगचाच जोर तो; दुसरे बळ नको. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले.

हे पाणी वाड्यातच अडून राहिले नाही. ते पेठांतील हौदांत गेले. काळा हौद, बदामी हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या अजून ध्यानात आहेत. राज्य बुडाले, महाल जळाले, तरी कात्रजचे पाणी शहरात येतच राहिले. पेशवाईचे खरे टिकाऊ स्मारक शोधावयाचे तर ते तटाच्या आत नव्हे, रस्त्यांच्या खाली सापडेल.

तथापि येथे थांबलो तर ती अर्धीच हकीकत होईल. हौद सार्वजनिक म्हणविले गेले, पण अस्पृश्य मानलेल्या माणसास त्यांत हात घालण्याची मुभा नव्हती. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. त्या हौदास तोट्या नव्हत्या, पाकळ्या नव्हत्या. आठ किलोमीटरवरून आलेले पाणी ज्या शेवटच्या चार पावलांपाशी अडले होते, ती चार पावले तुडवण्यास त्या डोंगरी नळानंतर शंभरांहून अधिक वर्षे लागली.

म्हणून आमचे सांगणे असे की, पुण्यास जाल तेव्हा एका वाड्याने समाधान मानू नका. हिरवळीवरील चौथरे पाहा, विश्रामबागेचे खांब पाहा, सवड असल्यास कात्रजच्या तलावाकाठी जा, आणि परतताना फुल्यांच्या अंगणातील हौदापाशी थोडा वेळ थांबा. घर बांधणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली आहेतच. पाणी कोठून आले व कोणापर्यंत पोचले, हे मात्र आपले आपणच विचारावे लागते.