कळ क्रमांक ४५

कीबोर्डवरचं 'के' दाबलं की मशीनला 'के' दाबलं हे कळत नाही. 'क' दाबलं असं तर नाहीच नाही. लिनक्सवर एक्स विंडो सिस्टिममध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला मिळतो तो फक्त एक आकडा: ४५. त्या ४५ चा 'के' करायचा, 'क' करायचा की आणखी काही, हे एका तक्त्यात लिहिलेलं असतं. आणि तो तक्ता चालू मशीनवर, प्रोग्राम लिहून, कुणीही बदलू शकतं.

हे 'कुणीही' मला पहिल्यांदा २००९ मध्ये नीट कळलं. कसं, ते सांगतोच. पण आधी थोडा इतिहास.

एमआयटीत १९८३ मध्ये प्रोजेक्ट अथेना सुरू झाला. पैसा आणि मशिन्स डीईसी आणि आयबीएमची. म्हणजे विद्यार्थ्यांसमोर दोन कंपन्यांची वेगवेगळी वर्कस्टेशन्स, वेगवेगळे कीबोर्ड. बॉब शायफ्लरने जून १९८४ मध्ये एक्सची घोषणा केली (आधी स्टॅनफर्डची डब्ल्यू नावाची सिस्टिम होती, म्हणून हे पुढचं अक्षर. प्रोग्रामर लोकांना नावं ठेवायचा कंटाळा, दुसरं काय!). जिम गेटीस त्याच्या जोडीला होता. सप्टेंबर १९८७ मध्ये एक्स ११ आलं, आणि आज चाळिशीकडे झुकलेला तोच प्रोटोकॉल अनेक मशिन्सवर चालतो आहे.

एक्समध्ये प्रोग्राम एका मशीनवर आणि पडदा-कीबोर्ड दुसऱ्या मशीनवर असू शकतो. तुमच्या टेबलावर जे असतं त्याला 'सर्व्हर' म्हणायचं आणि लांबच्या मोठ्या मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रामला 'क्लायंट'. हे उलटं नाव ऐकून प्रत्येकजण एकदा तरी गोंधळतो. आता लांबच्या प्रोग्रामला तुमच्या टेबलावरचा कीबोर्ड डीईसीचा आहे की आयबीएमचा, हे कसं कळणार? एक्स ११ चं उत्तर असं: सर्व्हर फक्त कळीचा क्रमांक पाठवेल, म्हणजे कीकोड. कुठल्या क्रमांकाला कुठलं चिन्ह, म्हणजे कीसिम, याचा तक्ता सर्व्हरकडे राहील. प्रत्येक प्रोग्रामने सुरू होताना त्याची प्रत मागून घ्यायची आणि अर्थ आपला आपण लावायचा.

तक्त्यात प्रत्येक कळीसमोर चार मुख्य रकाने: साधं, शिफ्टसह, दुसऱ्या गटातलं साधं, दुसऱ्या गटातलं शिफ्टसह. इंग्रजी आणि आणखी एक लिपी, एवढी सोय त्यात होती. आणि तक्ता बदलायला एकच विनंती पुरे: एक्सलिबमधलं एक्सचेंजकीबोर्डमॅपिंग हे फंक्शन. सुरुवातीची कळ, किती कळी, प्रत्येक कळीला किती चिन्हं, आणि चिन्हांची यादी. ना अ‍ॅडमिनचा पासवर्ड, ना मशीन पुन्हा सुरू करणं. ज्या काळात बऱ्याच सिस्टिम्सवर कीबोर्ड बदलणं म्हणजे ड्रायव्हर बदलणं होतं, त्या काळात ही केवढी मोकळीक होती!

फक्त एक गोम होती. तक्ता एकच, सगळ्यांचा सामाईक. कुणीही बदलला की सर्व्हर प्रत्येक प्रोग्रामला 'मॅपिंगनोटिफाय' असा निरोप पाठवतो. तो नको म्हणायची सोय प्रोटोकॉलमध्ये नाहीच. निरोप आला की नवी प्रत मागवायची, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचं. जो विसरला, त्याच्या खिडकीत जुनाच कीबोर्ड चालू. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसारखं आहे हे: कुणीही काहीही टाकावं, आणि सगळ्यांचे फोन वाजावेत.

आता आपल्या लिपीकडे येतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८६ मध्ये प्रमाण ठरवली, म्हणजे एक्स ११ च्याही एक वर्ष आधी. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, आणि 'के'च्या कळीवर चक्क 'क'. पण एक्सच्या कीसिम्सच्या सुरुवातीच्या यादीत लॅटिनचे चार संच होते, काताकाना, अरबी, सिरिलिक, ग्रीक, हिब्रू होते, छपाईची चिन्हं होती, इतकंच काय एपीएल या प्रोग्रामिंग भाषेच्या चिन्हांचाही संच होता. देवनागरी नव्हती. तक्त्यात रकाना रिकामा होता, पण त्यात लिहायला 'क'ला नावच नव्हतं!

यात कुणाचा दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. यादी करणाऱ्यांनी समोर होते ते तक्ते उचलले, आणि आयएसओ ८८५९ या मालिकेत देवनागरीचा भाग कधी झालाच नाही. त्यावरचं काम १९९७ मध्ये अधिकृतपणे सोडून देण्यात आलं. पण दुष्टपणा नसला तरी परिणाम तोच. पुढे युनिकोड आलं आणि एक साधा नियम झाला: युनिकोडमधल्या कुठल्याही अक्षराच्या क्रमांकात हेक्समधले १०००००० मिळवा, झाला त्याचा कीसिम. 'क'चा युनिकोड क्रमांक ०९१५, म्हणून तक्त्यात यू०९१५ लिहायचं. एका बेरजेने जगातल्या सगळ्या लिप्या आत आल्या. या सगळ्या इतिहासातला माझा सर्वात आवडता निर्णय हाच.

तर २००९. माझ्या लॅपटॉपवर इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि १ दाबलं की 'ऍ' यायचं. हे हिंदीच्या सोयीचं. मराठीत आपण 'ॲ' लिहितो, आणि हे अक्षर युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आलं. यू०९७२. म्हटलं, आपल्या हातात तक्ता आहे, वाट कुणाची बघायची? एक्समॉडमॅप नावाच्या जुन्या प्रोग्रामने हे एका ओळीत झालं असतं: कळ १० च्या चौथ्या रकान्यात यू०९७२. पण मी पडलो इंजिनिअर. शनिवार दुपार होती. मी सी मध्ये प्रोग्राम लिहिला, जो पूर्ण तक्ता मागवून त्याचे चार रकाने घेणार, 'ॲ' बदलणार आणि सगळाच्या सगळा परत चढवणार.

चढवताना एका कळीला किती चिन्हं, तिथे मी ४ ऐवजी २ लिहिलं.

सर्व्हरने काही तक्रार केली नाही. त्याने इमानदारीत यादीतली दोन-दोन चिन्हं उचलून कळींना वाटली. पहिल्या कळीला पहिल्या कळीची इंग्रजी चिन्हं, दुसऱ्या कळीला पहिल्याच कळीची देवनागरी, आणि असंच पुढे. सगळा कीबोर्ड निम्म्याने मागे सरकला. 'के' दाबलं की 'ई'च्या कळीवरचा काना उमटायचा. एंटरचा बॅकस्पेस झाला. बॅकस्पेस दाबलं की ६! नंतर कागदावर गणित मांडलं तेव्हा हे अगदी बरोबर जुळलं (४५ मधून ८ वजा करा, दुपटीला ४ ने भागा, बाकी बघा...), पण त्या क्षणी मात्र घाम फुटला होता. दुरुस्तीची कमांड माहीत होती, टाइप कशी करणार? शेवटी एका उघड्या फाइलमध्ये 'सेटएक्सकेबीमॅप' असलेली ओळ सापडली. ती माउसने शेवटच्या ओळबदलासकट निवडली आणि मधलं बटण दाबून टर्मिनलमध्ये टाकली. त्या ओळबदलानेच एंटरचं काम केलं. हुश्श.

ज्या कमांडने वाचवलं, ती दुसऱ्या पिढीची. तिचं नाव एक्सकेबी. सिलिकॉन ग्राफिक्सच्या एरिक फॉर्च्यूनने ती रचली आणि १९९६ मध्ये एक्स ११ च्या ६.१ या आवृत्तीबरोबर ती प्रमाण म्हणून आली. दोनऐवजी चार गट, हव्या तेवढ्या पातळ्या, आणि कळींना क्रमांकाऐवजी जागेवरून नाव: एसी०८ म्हणजे खालून तिसऱ्या, मधल्या ओळीतली आठवी अक्षरकळ, आपलं 'के'. कीबोर्डचं वर्णन पाच भागांत, साध्या मजकुराच्या फायलींमध्ये. कळफलकाचं चित्र काढता यावं म्हणून कळींची लांबी-रुंदीसुद्धा त्यात! ही अती झालेली हुशारी, असं माझं मत. पण वर्णन आणि तक्ता वेगळे केले, हे फार मोठं काम होतं. आता बदल करायचा तर मजकूर लिहायचा, एक्सकेबीकॉम्प या कंपायलरमधून काढायचा आणि सर्व्हरवर चढवायचा. चूक असेल तर कंपायलर ओरडतो. माझ्या प्रोग्रामवर कुणी ओरडलं नव्हतं.

गंमत म्हणजे एक्स सर्व्हरला स्वतःला हा मजकूर वाचता येत नाही. सुरू होताना तो चक्क एक्सकेबीकॉम्प हा बाहेरचा प्रोग्राम चालवून आपला तक्ता करून घेतो. आणखी एक बारकावा: सेटएक्सकेबीमॅप फक्त नावं पाठवतं आणि फायली सर्व्हरच्या मशीनवरच्या शोधल्या जातात. एक्सकेबीकॉम्प मात्र तुमच्याकडची फाइल वाचून तयार तक्ता पाठवतो. हा फरक माहीत नसल्याने माझे दोन शनिवार गेले.

नवं आलं तरी जुनं गेलं नाही. एक्समॉडमॅप आणि एक्सकेबी एकाच सर्व्हरमध्ये एकमेकांच्या पायात पाय घालत राहिले. एक्समॉडमॅपच्या फायलीत चाळीस ओळी असतील तर चाळीस बदल, चाळीस निरोप, आणि प्रत्येक निरोपाला डेस्कटॉपवरचा प्रत्येक प्रोग्राम तक्ता नव्याने मागवणार. काही सेकंद स्क्रीन गोठायचा. लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या द्यायचे. पुढे सर्व्हरने प्रत्येक कीबोर्डला स्वतःचा तक्ता दिला, आणि मग यूएसबी कीबोर्ड लावला की एक्समॉडमॅपचे बदल गायब!

आणि ती आकड्यांची मर्यादा. कीकोड एका बाइटमध्ये बसतो, ८ ते २५५. लिनक्स कर्नल जो क्रमांक देतो त्यात एक्स ८ मिळवतं, म्हणून 'के'चे ३७ चे ४५ होतात. लॅपटॉपवर माइक बंद करायची कळ असते ना, तिचा कर्नलमधला क्रमांक २४८. आठ मिळवले की २५६. एकाने हुकलं! १९८७ मध्ये आखलेल्या बाइटमुळे एक्सवर ती कळ पोचायचीच नाही. उपाय काय केला, तर अनेक लॅपटॉपवर ती एफ२० आहे असं खालच्या थरातच खोटं सांगायचं. कॉलवर मायक्रोफोन म्यूट करताना आठवा कधी.

क्रिस्तियान होग्सबर्गने २००८ मध्ये वेलँड सुरू केलं. फेडोराने २०१६ मध्ये ते मूळ पर्याय म्हणून दिलं, उबुंटूने २०२१ मध्ये. तिथे तो सामाईक तक्ता नाही. कंपोझिटर, म्हणजे खिडक्या सांभाळणारा मुख्य प्रोग्राम, मांडणी ठरवतो आणि प्रत्येक ॲपला तिची प्रत देतो. प्रत कशी? एक्सकेबीचाच मजकूर, सहसा हजाराहून जास्त ओळींचा, जसाच्या तसा. लिबएक्सकेबीकॉमन ही लायब्ररी तो वाचते. साध्या ॲपला आता सगळ्यांचा कीबोर्ड बदलता येत नाही. माझी २००९ ची चूक तिथे करताच आली नसती.

मला हे बरं वाटतं आणि थोडं खटकतंही. शेजारच्या ॲपने माझ्या कळी बदलाव्यात हे कुणालाच नको. पण कंपोझिटरमध्ये सोय नसेल तर हातात काही राहत नाही, आणि 'ॲ' साठी तो कोण बदलणार, हा प्रश्न पुन्हा तिथेच. सुदैवाने २०२० पासून लिबएक्सकेबीकॉमन होम फोल्डरमधली स्वतःची मांडणी वाचतं. माझी फाइल दहा ओळींची आहे: देवनागरी मांडणी आत घ्या, फक्त एका कळीची दुसरी पातळी यू०९७२ करा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागला नाही. हेच मला त्या शनिवारी हवं होतं.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. इनस्क्रिप्टच्या प्रमाण मांडणीत शिफ्ट आणि ७ वर 'क्ष' आहे, ५ वर 'ज्ञ', ६ वर 'त्र', ८ वर 'श्र'. युनिकोडमध्ये ही प्रत्येकी तीन अक्षरं, आणि एक्सच्या तक्त्यात एका पातळीला एकच कीसिम. 'एक कळ, एक अक्षर' हे ज्यांच्या लिपीत खरं होतं, त्यांनी आखलेला तक्ता तो. लिबएक्सकेबीकॉमनमध्ये एका पातळीवर अनेक कीसिम लिहिता येतात खरं, पण बरीच ॲप्स एकच मागतात आणि मग हाती काहीच येत नाही. दुसरी पळवाट म्हणजे एखादा न वापरातला कीसिम त्या कळीवर ठेवायचा आणि कंपोज फाइलमध्ये त्याच्यासमोर 'क्ष' लिहायचं. करून पाहिलं. टर्मिनलमध्ये चाललं, दोन ॲप्समध्ये नाही. तेव्हापासून मी 'के', 'डी' आणि मग शिफ्टसह स्वल्पविरामाची कळ दाबून 'क्ष' लिहितो. 'शनिवारची शिक्षा' हे शब्द आता मुद्दाम टाइप करून बघितले, बोटं न बघता गेली.