मूळ कोणतें?

नाओको ताकेउची या जपानी लेखिकेच्या ‘सेलर मून’ या चित्रकथेवरील ॲनिमेशन-मालिका १९९२ ते १९९७ या काळांत २०० भागांनीं पूर्ण झाली. एक रडवी शाळकरी मुलगी अद्भुत शक्ति लाभून दुष्टांशीं झुंजते, हा तिचा विषय. २०१२ सालीं नव्या मालिकेची घोषणा झाली; २०१३ च्या उन्हाळ्यांत यावयाची ती अवतरली ५ जुलै २०१४ रोजीं. दोन वर्षें चाहते डोळे लावून बसले होते. नवी मालिका चित्रकथेस अधिक धरून होती. परंतु ज्यांचें बालपण जुन्या मालिकेच्या सोबतीनें गेलें, त्यांच्या लेखीं ‘मूळ’ तीच! लेखिकेशीं इमान राखणारी कृति अशा वेळीं आठवणीशीं बेइमान ठरते. तिला केवळ आठवणीच्या मापानें मोजणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.