२२ जून : गणवेश उतरवल्यावर पुढे काय?

१९४४ : दोस्तसेना नॉर्मंडीत उतरून जेमतेम पंधरवडा झालेला. युद्ध संपायचे होते, तरी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या ‘जीआय बिल’वर सही केली. आधीच्या महायुद्धातले जवान १९३२मध्ये बोनस मागायला वॉशिंग्टनला आले, तर लष्कराकरवीच त्यांना हुसकावले होते. ती नामुष्की ताजी होती. आता सरकारकडून वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शिक्षणाची फी, वर निर्वाहभत्ता, घरकर्जाला सरकारची हमी. बेकारांना आठवड्याला २० डॉलर, फार तर ५२ आठवडे. ‘बसून खातील’, अशी ओरड झालीच. प्रत्यक्षात १९५६पर्यंत सुमारे ७८ लाख जणांनी शिक्षण-प्रशिक्षण घेतले. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या कॉलेजांची दारे बंदच होती, आणि बँकाही कर्ज देताना हात आखडत.