टायर मोठे, जागा तेवढीच

आमच्या टीममधल्या एका उत्साही मुलाने मध्यंतरी त्याच्या एसयूव्हीला दोन साइझ मोठे टायर बसवून घेतले. गाडी दिसायला एकदम झकास. पण ऑफिसच्या बेसमेंटमध्ये फुल टर्न मारला की चाकातून 'खर्रर्र'. टायर पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला घासतोय. गॅरेजवाला म्हणाला, "स्प्रिंग बदलून गाडी दोन इंच उचलू, काम खल्लास." उचलली. आता बेसमेंटमध्ये आवाज येत नाही, पण खड्ड्यात पुढचं चाक आपटलं की पुन्हा तेच!

आमच्या धंद्यात एक सवय लागते. कुठलाही बग समोर आला की आपण पहिले नसणार, हे गृहीत धरायचं आणि आधी कुणी सोडवलाय का ते शोधायचं. शनिवार-रविवार तेच केलं. हा बग सगळ्यात गंभीरपणे सोडवला तो अमेरिकन हौशी लोकांनी नव्हे (त्यांनी ६६ इंची चाकं लावून जुन्या गाड्या चिरडण्याचे खेळ केले, ते वेगळं प्रकरण), तर जेमतेम चार लाख वस्तीच्या आइसलँडने. आणि तिथे प्रश्न दिसण्याचा नव्हताच.

थोडं मागे जाऊ. १४ सप्टेंबर १९५० ला लक्झेंबर्गहून आइसलँडला येणारं 'गेसिर' नावाचं मालवाहू विमान वात्नायोकुल या हिमनदीवर कोसळलं. हिमनदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गंगोत्री येते, पण ही नदी नाही, बर्फाचं पठार आहे. सुमारे ७७०० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या साधारण निम्मं. विमानात सहा जण होते आणि सहाही वाचले होते, पण कुठे आहेत हे जगाला कळायलाच चार दिवस गेले. मग त्यांना आणायला अमेरिकन हवाई दलाचं स्की लावलेलं सी-४७ विमान हिमनदीवर उतरलं. उतरलं ते उतरलं, पुन्हा उडेचना! शेवटी आकुरेरी गावातून निघालेली माणसं स्कीवरून तिथवर पोचली आणि विमानांतल्या लोकांना चालवत खाली घेऊन आली. (ते अडकलेलं सी-४७ पुढे ज्यांचं 'गेसिर' पडलं त्याच कंपनीने विकत घेतलं, १९५१ च्या वसंतात बुलडोझर नेऊन बर्फातून उकरून काढलं, आणि ते चक्क उडालं. सिनेमा काढण्यासारखी गोष्ट आहे.)

सांगायचा मुद्दा असा की १९५० साली त्या देशात बर्फावर माणूस अडकला तर त्याच्यापर्यंत जायला पाय होते, स्की होती आणि महायुद्धातून उरलेली 'वीझल' नावाची साखळीपट्ट्यांची वाहनं होती. १९५१ साली वात्नायोकुलवर बर्फाची जाडी मोजायला फ्रेंच आणि आइसलँडी शास्त्रज्ञ गेले ते वीझल घेऊनच. पण साखळीपट्ट्याचं वाहन रस्त्यावर फार लांब पळवता येत नाही. शहरातून हिमनदीच्या पायथ्यापर्यंत ते ट्रकवर लादून न्यायचं, तिथे उतरवायचं, मग पुढे. वादळात कुणी हरवलं असेल तर तेवढा वेळ असतो कुठे?

दुसरीकडे जीप होती. मे १९४० मध्ये ब्रिटिश सैन्य आणि जुलै १९४१ मध्ये अमेरिकन सैन्य आइसलँडमध्ये उतरलं, त्या निमित्ताने जीप तिथे आली आणि युद्धानंतर शेतकऱ्यांच्या हातात गेली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे मुंबईत महिंद्रा हीच विलीस जीप जोडत होते. आपण जशी कुठल्याही दणकट गाडीला सरसकट 'जीप' म्हणायचो, तसं तिथे 'जेप्पी' हा शब्दच भाषेत रुजला. पण त्या जीपचे टायर अरुंद, ६ इंच रुंदीचे. चिखलात उत्तम, मऊ बर्फात मात्र पाव कापणाऱ्या सुरीसारखे खाली जायचे.

साधारण १९८० च्या सुमारास अमेरिकेतून वाळवंटात आणि चिखलात चालवायचे मोठे, रुंद टायर तिथे पोचले आणि तिथल्या हौशी मंडळींनी त्यांतली हवा सोडून पाहिली. थोडी नाही, जवळजवळ सगळी. आपला पंक्चरवाला बघून ओरडेल इतकी. आणि गाडी बर्फात बुडायच्या ऐवजी बर्फावर तरंगायला लागली.

हे गणित सोपं आहे, पण करून बघितल्याशिवाय पटत नाही. समजा गाडी २४०० किलोची आहे, म्हणजे एका चाकावर ६०० किलो, म्हणजे सुमारे १३२० पौंड. टायरात ३० पीएसआय हवा असेल तर जमिनीला टेकणारा भाग साधारण ४४ चौरस इंच. हवा ३ पीएसआय केली तर कागदावर तोच भाग दहापट होतो, ४४० चौरस इंच. (प्रत्यक्षात टायरच्या भिंतीही थोडं वजन पेलतात, म्हणून थोडं कमी.) आता ७० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला की बुटाखाली पाच-साडेपाच पीएसआय दाब पडतो. म्हणजे ज्या बर्फात तुम्ही गाडीतून उतरलात की गुडघ्यापर्यंत रुताल, त्याच बर्फावर तुमची अडीच टनी गाडी आरामात उभी असते! हे वाचलं तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन दोनदा हिशोब केला.

पण साध्या आकाराच्या टायरातली एवढी हवा काढली तर रिमच जमिनीला टेकेल. चपटं व्हायला उंची पाहिजे. म्हणून टायर ३८ इंची, नंतर ४४ इंची. आणि इथे आमच्या मित्राचा 'खर्रर्र' येतो.

३१ इंची टायर काढून ३८ इंची लावला तर त्रिज्या साडेतीन इंचांनी वाढते. ॲक्सल साडेतीन इंच वर जातो, गाडीही तेवढी उंच होते. त्यामुळे लोकांना वाटतं की जागा आपोआप झाली. तसं होत नाही. ॲक्सल आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर होतं तेवढंच आहे, आणि टायर त्या अंतरात साडेतीन इंच वर, साडेतीन इंच पुढे आणि साडेतीन इंच मागे घुसलाय. पुढे बंपर आहे, मागे दरवाज्याखालची पट्टी आहे, आणि स्टिअरिंग वळवलं की टायरचा आतला कोपरा चासीकडे जातो. चार दिशांना चार शत्रू.

उंच स्प्रिंग लावणं हा यावरचा सगळ्यात लोकप्रिय पॅच आणि माझ्या मते सगळ्यात फसवा. स्प्रिंगने फक्त गाडी उभी असतानाची जागा बदलते. चाक खड्ड्यात जोरात आपटून सस्पेन्शन पूर्ण दबलं की टायर शेवटी रबरी स्टॉपर अडवेल तिथपर्यंत वर जाणारच, म्हणजे पूर्वी जात होता तिथेच. आणि टायर तर आता मोठा आहे. शिवाय गाडी जितकी उंच, तितकी उतारावर कलंडायला सोपी. आइसलँडमध्ये बर्फाच्या उतारावर तिरकी गाडी चालवणं ही रोजची गोष्ट, त्यामुळे हा मार्ग त्यांना परवडणारा नव्हता.

त्यांनी गाडी थोडीशीच उचलली आणि बाकीची जागा कापून काढली. नवीकोरी गाडी, आणि तिच्या मडगार्डवर ग्राइंडर! स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर ढकलायचं, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, आणि जिथे जिथे टायर पोचतो तिथला पत्रा कापायचा. दरवाज्याचा कोपरा मध्ये आला तर तोही. कापलेल्या कडा वेल्ड करून, गंजरोधक लावून बंद करायच्या आणि वर फायबरची रुंद झालर बसवायची. तेवढ्याने भागलं नाही तर ॲक्सलच काही इंच पुढे किंवा मागे सरकवायचा. टेस्टिंगच्या भाषेत सांगायचं तर ही मंडळी नेहमीच्या वापराची नाही, सगळ्यात वाईट केसची जागा मोजत होती. त्यावर आणखी जागा सोडायची, कारण कमी हवेचा टायर आडवा फुगतो, आणि मडगार्डच्या आत बर्फ साचून गोठतो. उणे वीस तापमानात टायर पत्र्याला घासला काय किंवा दगडासारख्या बर्फाला घासला काय, फाटायचा तो फाटणारच. आपला मित्र फार तर टो करणाऱ्याला फोन करेल. तिथे, वादळात, तुम्हीच कुणाला तरी सोडवायला निघालेले असता.

जागा झाली की पुढची रांग लागते. ३१ चे ३८ केल्यावर स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ९८ ने पळत असते. इंजिनला प्रत्येक गिअर जड पडतो, म्हणून क्राऊन-पिनियन बदलायचं. ब्रेकवर ताण वाढतो. इतक्या कमी हवेत टायर रिमवरून निसटतो, म्हणून त्याची कड रिमला चिकटवायची किंवा आवळून बसवायची. तरीही निसटलाच तर टायरमध्ये ज्वलनशील द्रव फवारून पेटवतात, छोटा स्फोट होतो आणि टायर फटकन जागेवर बसतो. (हे आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून बघू नये :-) ) रस्त्यावर परत आलं की गाडीतल्याच कंप्रेसरने हवा भरायची, नाहीतर टायरच्या भिंती तापून जळतात.

१९८३ साली या वेड्यांनी आपला क्लब काढला, आणि मला या सगळ्या इतिहासातला हा भाग विशेष आवडतो. कापाकापी केलेल्या गाड्या रस्त्यावर आल्यावर सरकारला काळजी वाटणं साहजिक होतं. क्लबने लपूनछपून गाड्या चालवण्यापेक्षा सरकारशी बोलून नियम ठरवण्यात भाग घेतला. बदललेली गाडी पुन्हा तपासून घ्यायची, तशी नोंद करायची. १९९० मध्ये टोयोटाच्या तिथल्या वितरकाने याच कामासाठी 'आर्क्टिक ट्रक्स' हा विभाग सुरू केला. म्हणजे दहाएक वर्षांत गल्लीतल्या गॅरेजचा उद्योग शोरूममध्ये आला. तिथली शोध-बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत, ती नववर्षाला फटाके विकून मोठा निधी उभा करतात, आणि त्यांच्याकडे याच गाड्या असतात.

याची एक बोचरी बाजूही आहे. हीच गाडी बर्फाखेरीज मोकळ्या जमिनीवर घातली तर तिथल्या शेवाळावर उठलेला चाकाचा ओरखडा भरायला कित्येक दशकं लागू शकतात. म्हणून त्या देशात रस्ता सोडून गाडी घालणं बेकायदा आहे, सूट आहे ती बर्फाने झाकलेल्या, गोठलेल्या जमिनीला. आपल्याकडे कास पठाराजवळ 'ऑफरोडिंग' करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. असो.

आपल्याकडचा कायदा पाहिला तर चित्र उलटं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा मथितार्थ असा की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. अपघातात दुसऱ्याचा जीव जातो हे बघता निकाल मला चुकीचा वाटत नाही. फक्त आइसलँडमध्ये 'असा बदल करा आणि तपासून घ्या' अशी वाट निघाली, ती आपल्याकडे निघालेली नाही. मित्राला मी मूळ साइझचे टायर परत लावायला सांगितलंय, तो अजून तोंड फुगवून आहे.

तर हे टायर पुढे कुठवर गेले? १९९० च्या दशकाच्या शेवटी स्वीडिश मोहिमेबरोबर अंटार्क्टिकात गेले. २००७ मध्ये बीबीसीच्या 'टॉप गिअर'ने ३८ इंची टायरांची हायलक्स उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या १९९६ सालच्या जागेपर्यंत नेली, ते बऱ्याच जणांनी बघितलं असेल. पण त्यानंतर तीन वर्षांनी झालेली मोहीम आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असते.

गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ भारतीयांची तुकडी १३ नोव्हेंबर २०१० ला अंटार्क्टिकातल्या आपल्या 'मैत्री' तळावरून निघाली. दक्षिण ध्रुवापर्यंतचं अंतर सरळ रेषेत मोजलं तरी २१०० किलोमीटरच्या पुढे, आणि वाट तीन हजार मीटरपेक्षा उंच पठारावरून. बरोबर चार गाड्या होत्या, आर्क्टिक ट्रक्सने कापून, वाढवून ४४ इंची टायर बसवलेल्या टोयोटा हायलक्स. तिथे या गाड्या पंपावरच्या डिझेलवर नाही, विमानाच्या इंधनावर चालवतात, म्हणजे आपल्या रॉकेलच्या चुलत भावावर, कारण तेवढ्या थंडीत साधं डिझेल गोठतं. वाटेत बर्फाचे नमुने घेत, निरीक्षणं करत ही मंडळी २२ नोव्हेंबरला दक्षिण ध्रुवावर पोचली. आणि आली त्याच गाड्यांतून मैत्रीला परत गेली.